गावची हापूस बाग पुन्हा हाती घेताना: पहिल्या दोन वर्षांची कामं, क्रमाने

आजोबांनी लावलेली कलमं, वडिलांच्या नोकरीच्या काळात कराराने दिलेली, आणि आता बघायची पाळी तुमच्यावर आलेली. रत्नागिरी-सिंधुदुर्गात गावोगाव अशा बागा आहेत. मालक मुंबई-पुण्यात, गवत कमरेएवढं, दगडी गडगा चार ठिकाणी ढासळलेला, झाडं उंच गेलेली आणि आंबा फक्त शेंड्याला. अशी बाग परत उभी करता येते. देवगड तालुक्यातल्या आमच्या जुन्या कलमांवर मी हे काम केलं आहे आणि अजून करतो आहे. कोणत्या महिन्यात काय करायचं हे नवख्या माणसाला कोणी एका जागी सांगत नाही, म्हणून क्रमाने लिहितो.

सुरुवातीलाच एक सांगतो. पहिली दोन वर्षं पेट्यांचा हिशोब मांडू नका. आमच्या शेजारचे एक जुने बागायतदार म्हणतात, "तुमी आंबे बघतास, पयली कलमां बघा." हा लेख त्याच वाटेने जातो. झाड सावरलं की फळ येतं. फळासाठी दमलेलं झाड ओढत राहिलात तर पाच-सात वर्षांत फांद्या वाळायला लागतात, आणि मग करण्यासारखं फार काही उरत नाही.

बहुतेक जण मे महिन्यात गावी जातात, आंबे बघतात आणि तिथेच ठरवतात की यंदा बाग आपण करायची. मे ही शेवटाची वेळ आहे. कामाला लागायचं तर गणपतीला जाल तेव्हा लागा. दोन दिवस आरतीपासून थोडे बाजूला काढा.

१. आधी कागद

कोकणात सातबारा बहुधा सामायिक असतो. चुलते, आत्या, त्यांची मुलं, काही वारले पण नाव उतरलेलं नाही, अशी ती यादी असते. बागेत पैसा घालण्याआधी हे निस्तरायला घ्या.

हे गोळा करा:

- ताजा सातबारा आणि आठ-अ. महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळतो.
- वारस नोंदीचे फेरफार. नोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती देऊन अर्ज करा.
- गटाचा नकाशा. हद्दीवरून कुरबूर असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीची फी भरून मोजणी मागवा.
- सहहिस्सेदारांचं संमतिपत्र: बाग कोण कसणार, खर्च कोणाचा, उत्पन्न कसं वाटायचं.
- आधीच्या कराराचा कागद. करार तोंडी असेल तर तो कोणत्या हंगामापर्यंत आहे हे चार माणसांसमोर लिहून घ्या.
- आधार, बँक पासबुक, शेतकरी ओळख क्रमांक.

सातबाऱ्यावर आंब्याची नोंद आहे का ते बघा. २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाइलवरून शेतकऱ्यानेच करायची असते. ती राहिली तर फळपीक विमा आणि नुकसानभरपाई दोन्हीकडे अडचण येते. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत आंबा 'आंबिया बहार'मध्ये येतो. अर्जाची मुदत मोहोराच्या आधीच संपते, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीतच चौकशी करा.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे, 'आपल्याच घरातली माणसं' म्हणून संमतिपत्र न करणं. बाग ओसाड असते तोवर कोणी विचारत नाही. चांगला आंबा लागला की विचारतात.

२. झाडांची वही

बागेत शिरताना गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि हातात काठी हवीच. कातळावर आणि गडग्याच्या दगडांत फुरसं असतं. आकाराने लहान, रंग मातीचा, त्यामुळे चटकन दिसत नाही. दगड उचलताना किंवा पालापाचोळा बाजूला करताना हात घालू नका, आधी काठी घाला. जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस असते, हे त्याच दिवशी विचारून ठेवा.

प्रत्येक झाडाला ऑइलपेंटने छातीच्या उंचीवर नंबर द्या. वहीत एका झाडाला एक पान. त्यावर लिहा: जात (हापूस, पायरी, रायवळ), अंदाजे वय, फांद्यांचा घेर, बांडगूळ आहे का, बुंध्याशी भुसा दिसतो का, वाळलेल्या फांद्या किती, मध्यात ऊन पोहोचतं का. शेवटच्या प्रश्नासाठी दुपारी बाराच्या सुमाराला झाडाखाली उभं राहा. जमिनीवर उन्हाचा एकही कवडसा पडत नसेल तर त्या झाडाचा मध्य मोकळा करावा लागणार.

जुनी लागवड बहुतेक दहा बाय दहा मीटरवर असते, म्हणजे एकरी चाळीसच्या आसपास झाडं. एवढ्यांची वही एका दिवसात होते. मग तीन गट करा: धडधाकट, आजारी, आणि म्हातारी पण सशक्त. पुढचं प्रत्येक काम या गटांप्रमाणे वेगळं होतं. सगळ्या झाडांना सरसकट एकच उपाय, हेच जुन्या बागांचं मोठं दुखणं आहे.

एक माती परीक्षणही करून घ्या. जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि जोरदार पावसात खतं वाहून जातात, त्यामुळे नुसत्या अंदाजाने खत घालण्यात पैसा जातो.

३. हाताशी काय हवं

कोयता, आकडी, छाटणीची करवत, सिकेटर (छाटणीची कात्री), शिडी, जाड दोर, पटाशी, सायकलच्या चाकाची तार, घमेली, दोन प्लास्टिकचे पिंप, मोरचूद, कळीचा चुना, रुंद ब्रश, फवारणीसाठी पंप, हातमोजे, मास्क, चष्मा. चेन-सॉ विकत घेण्याची गरज नाही. ती चालवणारा माणूस दिवसाच्या मजुरीने मिळतो, आणि उंचावर ती चालवणं हे सरावाच्या माणसाचंच काम आहे.

४. गवत आणि वणवा (ऑक्टोबर-नोव्हेंबर)

पाऊस थांबला की गवत आठ-दहा दिवसांत पिवळं पडायला लागतं. ते पूर्ण वाळायच्या आत कापा. कापलेलं गवत जाळू नका, बांधावर ढीगही लावू नका. बुंध्यापासून दोन हात जागा मोकळी ठेवून झाडाच्या घेरात पसरा. ओल टिकते, आणि पुढे आंबा तयार होताना कातळाची धग कमी पोचते. हापुसाला साका पडतो (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होतो), त्यात या उष्णतेचा मोठा हात आहे.

पण पसरलेलं गवत हेच वणव्याचं खाद्य, म्हणून हद्दीच्या आतून चारी बाजूंनी निदान दहा फुटांचा पट्टा जमीन दिसेपर्यंत साफ ठेवा. हा जाळपट्टा डिसेंबरपर्यंत व्हायला हवा आणि फेब्रुवारीत पुन्हा झाडायला हवा. वणवा लागतो तो शेजारच्या भाजावळीतून (शेत भाजण्याच्या जाळातून), वाटेवर टाकलेल्या विडीतून, किंवा बागेवरून गेलेल्या लोंबत्या तारांच्या ठिणगीतून. तारा लोंबत असतील तर वीज कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगण्याचा नंतर काही उपयोग होत नाही. एका दुपारच्या वणव्यात चाळीस वर्षांची कलमं जातात, आणि या पट्ट्याला दोन माणसांचे दोन-तीन दिवस लागतात. पैसे कमी असतील तर बाकीचं सगळं पुढे ढकला, पट्टा ढकलू नका.

५. बांडगूळ

आंब्याच्या फांदीवर वेगळ्याच जाड पानांचा झुपका दिसला की ते बांडगूळ. ते आपलं अन्न पानांत तयार करतं, पण पाणी आणि क्षार आंब्याच्या फांदीतून ओढतं. त्याच्या पुढची फांदी हळूहळू बारीक होत जाते आणि वाळते. फुलटोच्यासारखे छोटे पक्षी त्याची फळं खातात आणि चिकट बी दुसऱ्या फांदीवर पुसून टाकतात. एका झाडावरचं बांडगूळ असं पूर्ण बागेत फिरतं.

नुसता झुपका कोयत्याने उडवला तर तो पुन्हा फुटतो, कारण मुळं फांदीच्या लाकडात शिरलेली असतात. जिथे ते चिकटलं आहे तिथून खोडाच्या बाजूला हातभर मागे येऊन फांदीच कापा. बुंध्याजवळच्या जाड फांदीवर असेल तर फांदी काढू नका. पटाशीने गाठ कोरून काढा आणि जखमेवर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप, कृती पुढे सातव्या भागात) लावा. शेजारच्या बागेत बांडगूळ तसंच असेल तर दरवर्षी नवं येणार, म्हणून त्यांनाही बरोबर घ्या. आमच्याकडे दोन बागांनी मिळून एकच माणूस लावला आणि तेव्हापासून ते आटोक्यात आहे.

६. खोडकिडा

दुर्लक्षित बागेत झाड मरतं ते बहुतेक वेळा यानेच, म्हणून इथे थोडा थांबतो.

याचा भुंगेरा करड्या रंगाचा, लांब मिशांचा, साधारण दोन इंचांचा असतो. मादी पावसाळ्यात सालीच्या भेगांत आणि जुन्या जखमांत अंडी घालते. अळी साल पोखरून लाकडात जाते आणि कित्येक महिने आत बोगदे करत राहते. बाहेरून दिसतं ते एवढंच: बुंध्याशी किंवा फांदीच्या बेचक्यात लाकडाचा भुसा, कधी डिंकासारखा ओघळ, आणि एखाद्या फांदीची पानं कारण नसताना पिवळी. पूर्ण झाड कोमेजतं तेव्हा उशीर झालेला असतो.

जुना भुसा आणि ताजा भुसा यांत गल्लत होते. त्यासाठी सोपी युक्ती आहे. संध्याकाळी बुंधा आणि बेचके झाडूने स्वच्छ झाडून घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी जिथे नवा, ओलसर, फिकट भुसा पडलेला दिसेल तिथे अळी आत जिवंत आहे. त्या भोकाभोवतीची मेलेली साल पटाशीने काढा. सायकलच्या तारेचं टोक आकडीसारखं वाकवून बोगद्यात सरकवा आणि फिरवत बाहेर ओढा. पूर्ण वाढलेली अळी पांढुरकी, काळपट डोक्याची, अंगठ्याएवढी जाड आणि तीन इंचांपर्यंत लांब असते. पहिल्यांदा हाती लागते तेव्हा, एवढी मोठी वस्तू झाडाच्या आत चरत होती यावर विश्वास बसत नाही.

तार पोचत नसेल तर शिफारशीतल्या कीटकनाशकात बुडवलेला कापसाचा बोळा आत ढकलून भोक चिखलाने लिंपा. दर आठवड्याला बघा. पुन्हा भुसा आला तर पुन्हा तेच. जुने गडी यासाठी डायक्लोरव्हॉस वापरायला सांगतील. त्यावर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंदी आहे. सध्या काय चालतं ते तालुका कृषी अधिकारी, दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, वेंगुर्ल्याचं प्रादेशिक फळ संशोधन केंद्र किंवा देवगडजवळ गिर्ये-रामेश्वरचं आंबा संशोधन उपकेंद्र इथे विचारा. नमुना घेऊन गेलात तर माणसं नीट वेळ देतात.

७. म्हाताऱ्या पण सशक्त झाडांची छाटणी

चाळीस वर्षांच्या पुढची, उंच गेलेली, मध्यात अंधार असलेली झाडं खाली आणायला हवीत. उंच झाडावर फवारा पोचत नाही, आंबा झेल्यात (आंबा उतरवायच्या जाळीच्या काठीत) येत नाही, आणि दाट सावलीत तुडतुडे सुखाने राहतात.

पाऊस पूर्ण उघडला की छाटणी करा. क्रम असा ठेवा:

- आधी वाळलेल्या, रोगट आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या.
- मग मध्यातली सरळ उभी जाणारी फांदी. ती काढली की झाडात ऊन उतरतं. कित्येक झाडांना पहिल्या वर्षी एवढंच पुरतं.
- अजून गरज असेल तर शेंड्याकडून साधारण तिसरा हिस्सा उंची कमी करा.

जाड फांदी कापताना पहिला काप खालून, पाव जाडीइतका. दुसरा काप वरून, थोडा पुढे. फांदी पडली की उरलेला खुंट तिसऱ्या कापाने नीट करा. खालचा काप दिला नाही तर फांदी वजनाने मोडते आणि साल बुंध्यापर्यंत सोलत नेते. ती जखम वर्षानुवर्षं भरत नाही, आणि खोडकिड्याला तीच हवी असते. काप थोडा तिरका ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी साचत नाही.

प्रत्येक कापावर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट. प्रमाण सोपं आहे: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद एका प्लास्टिकच्या पिंपात पाच लिटर पाण्यात रात्रभर विरघळवा. लोखंडी भांडं चालत नाही. चुना दुसऱ्या पिंपात पाच लिटरमध्ये विरवून गाळून घ्या. मग दोन्ही एकत्र ओता आणि ढवळा. आकाशी रंगाचं दाट मिश्रण झालं की त्यात स्वच्छ लोखंडी पातं मिनिटभर धरा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, अजून घाला. पातं तसंच चकचकीत राहिलं तर मिश्रण तयार. ते त्याच दिवशी संपवा. छाटणीमुळे ज्या फांद्या एकदम उन्हात आल्या त्यांना चुन्याचा हात द्या, नाही तर साल भाजते.

पुढच्या पावसाळ्यात कापाच्या खाली फुटवे झुबक्याने येतात. त्यांतले बाहेरच्या बाजूला जाणारे, अंतराअंतरावरचे चार-पाच ठेवा आणि बाकीचे हाताने मोडा. ही विरळणी पुष्कळ जण विसरतात आणि तीन वर्षांत झाड होतं तितकंच दाट होतं. कोवळ्या फुटव्यांवर शेंडा पोखरणारी अळी आणि मिजमाशी येते, तिकडे लक्ष ठेवा. जोरात छाटलेल्या झाडाला नीट फळ साधारण तिसऱ्या हंगामापासून धरतं. म्हणूनच एका वर्षी पाव बागेपेक्षा जास्त झाडं छाटू नका, असं माझं मत आहे. घरखर्चही चालतो आणि पहिल्या झाडांवरून पुढची कशी छाटायची तेही कळतं.

पूर्ण झाड पाडायचं असेल तर गोष्ट वेगळी. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात ज्या झाडांची यादी आहे तीत आंबा आहे. स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी तोडायला आधी परवानगी लागते. लाकूड घेणारा व्यापारी 'कागदाचं मी बघतो' म्हणेल, पण परवानगी तुमच्या नावाने हातात पडल्याशिवाय करवत लावू देऊ नका.

८. पालवी ते मोहोर (ऑक्टोबर ते फेब्रुवारी)

तीन शत्रू ओळखायला शिका. तुडतुडे पाचरीच्या आकाराचे, करडे, फांदी हलवली की टकटक उडतात. ते रस शोषतात आणि चिकट स्राव टाकतात, त्यावर काजळी धरते. भुरीने मोहोरावर पांढरी पावडर दिसते. करप्याने मोहोर आणि कोवळ्या पानांवर काळे ठिपके पडतात. तुडतुड्यांना दमट ढगाळ हवा मानवते, आणि अवकाळी पावसानंतर करपा उठतो.

विद्यापीठ फवारणीचं वेळापत्रक देतं. त्यातली पहिली फवारणी मोहोराच्या आधी, पालवी कोवळी असतानाच असते: डेल्टामेथ्रीन २.८ टक्के, दहा लिटर पाण्याला ९ मिली. ही चुकली की पुढच्या सगळ्या फवारण्या मागे मागे धावतात. या वेळी बुंधा आणि जाड फांद्याही भिजवा, कारण तुडतुडे सालीच्या भेगांत बसलेले असतात. भुरीसाठी पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, दहा लिटरला २० ग्रॅम. बाकीच्या फवारण्यांत औषधाचा गट दरवेळी बदला. यंदाचं वेळापत्रक यंदाच घ्या. मागच्या पाच वर्षांत काही औषधं यादीतून गेली आहेत.

मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक मारू नका. आंब्याचं परागीभवन माश्या आणि इतर छोटे किडे करतात. हापुसाच्या मोहोरात फळ धरू शकणारी फुलं मुळातच कमी असतात, त्यात किडेच मारले तर मोहोर भरगच्च दिसतो आणि मागे दांड्या उरतात. दुकानदार 'टॉनिक, बुरशीनाशक, कीटकनाशक एकाच टाकीत' असा संच देतो. तो घेऊ नका. एकेक औषध का मारतो आहोत हे वहीत लिहिता आलं पाहिजे.

९. फळ धरल्यावर

पाणी असेल तर फळ वाटाण्याएवढं झाल्यावर द्या: झाडाला दीडशे ते दोनशे लिटर, पंधरा दिवसांनी, तीन वेळा. बुंध्याशी ओतू नका, घेराच्या कडेला द्या. पाणी नसलं तरी गवताच्या आच्छादनावर बाग निघते. आमच्या कातळावरच्या अर्ध्या बागेला पाण्याची सोयच नाही.

फळ अंड्याएवढं झालं की हाताला येतील तेवढ्या फळांना वर्तमानपत्राच्या कागदाच्या पिशव्या बांधा. फळमाशीपासून बचाव होतो, डाग कमी पडतात, साक्याचं प्रमाणही घटतं. फळमाशीसाठी मिथाइल युजेनॉलचे 'रक्षक' सापळे हेक्टरी चार लावा, आणि खाली पडलेली फळं रोज गोळा करून खड्ड्यात पुरा. सापळे लावून गळालेली फळं तशीच ठेवली तर माशी तिथूनच पुन्हा येते.

राखणीची सोय मार्चच्या आत ठरवा. कोकणात आता बऱ्याच बागांत नेपाळी कुटुंबं राखणीला असतात. त्यांना ठेवलंत तर राहायला पक्कं छप्पर, पिण्याचं पाणी आणि ओळखपत्राची पोलीस पाटलाकडे नोंद, एवढं तुमच्याकडून व्हायलाच हवं.

१०. उतरवणी

चौदा आणे तयार झालेला आंबा काढा. खांदे देठाच्या वर आलेले, रंग गडद हिरव्यावरून फिकट झालेला. सकाळी लवकर आणि झेल्यानेच काढा, देठ बोटाच्या एका पेराएवढा ठेवून. देठ तुटला की चीक फळावर ओघळतो आणि जिथे लागेल तिथे साल काळी पडते. फळं उन्हात ठेवू नका, जमिनीवर ओतू नका. पिकवायला भाताच्या पेंढ्याची अढी उत्तम. कॅल्शियम कार्बाइडने आंबा पिकवायला कायद्याने बंदी आहे.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापुसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव पेटीवर लावायचं तर बागायतदार म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. थेट ग्राहकाला विकायचं असेल तर दुसऱ्या वर्षी ती करून टाका.

११. खत (जून)

पहिले दोन पाऊस झाले की खत. दहा वर्षांवरच्या झाडाला ५० किलो शेणखत, दीड किलो नत्र म्हणजे सव्वातीन किलो युरिया, अर्धा किलो स्फुरद म्हणजे तीन किलोच्या वर सिंगल सुपर फॉस्फेट, आणि माती परीक्षणाप्रमाणे पालाश. हे बुंध्याशी घालू नका, खाणारी मुळं तिथे नसतात. फांद्यांच्या घेराच्या थोडं आत वीतभर खोल चर काढा आणि खत घालून मातीने बुजवा. उतारावर वरच्या अंगाला अर्धगोल चर पुरतो. पाणी खाली येताना खत मुळांकडे आणतं.

१२. कल्टार आणि करार

ही दोन कामं एकत्र लिहितो, कारण जुन्या बागा बिघडल्या त्या या दोन्हींच्या मिळून.

कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल. ते झाडाची शाकीय (पाना-फांद्यांची) वाढ रोखतं, त्यामुळे मोहोर लवकर आणि दरवर्षी येतो. नीट वापरलं तर उपयोगाचं आहे. जुलैचा मध्य ते ऑगस्टचा मध्य ही त्याची वेळ. मात्रा झाडाच्या घेरावर ठरते: पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर व्यास मोजा, सरासरी काढा, दर मीटरला ३ मिली. दहा मीटर आणि आठ मीटर असेल तर सरासरी नऊ, म्हणजे २७ मिली. हे तीन ते सहा लिटर पाण्यात मिसळून, बुंधा आणि घेराची कड यांच्या मधोमध दहा-बारा सेंटिमीटर खोलीची पंचवीस-तीस भोकं पाडून त्यांत समान ओतायचं. झाड धडधाकट हवं आणि त्या वर्षी खत पूर्ण घातलेलं हवं. तुमच्या वहीतल्या आजारी आणि नुकत्याच छाटलेल्या झाडांना ते अजिबात देऊ नका.

जास्त मात्रा पडलेलं झाड ओळखू येतं. पेरं आखूड, पानं शेंड्याला मोगरीसारखी दाटलेली, नवी पालवी जवळजवळ नाही, बारीक फांद्या वाळलेल्या. औषध जमिनीत बराच काळ राहतं. अशा झाडाला निदान दोन पावसाळे कल्टारशिवाय, भरपूर शेणखत आणि आच्छादन देऊन विश्रांती द्या.

एक-दोन हंगामांच्या करारात हेच घडतं. घेणाऱ्याला मुदतीतच पैसे काढायचे असतात, खत घालण्यात त्याचा फायदा नसतो आणि कल्टार ओतण्यात असतो. गावी राहणं जमत नसेल तर बाग कराराने द्या, त्यात कमीपणा नाही. पण करार मुद्रांकावर करा, निदान पाच वर्षांचा, आणि त्यात या गोष्टी लिहा:

- खंडाची रक्कम आणि हप्त्यांच्या तारखा.
- दर जूनला झाडामागे किती शेणखत आणि खत घालायचं, आणि त्याच्या पावत्या.
- कल्टार कोणत्या नंबरच्या झाडांना, किती मिली. यादी वहीतून काढून कराराला जोडा.
- जाळपट्टा, बांडगूळ आणि खोडकिड्याची तपासणी कोणी, कोणत्या महिन्यात करायची.
- तुमच्या लेखी संमतीशिवाय एकही जाड फांदी तोडायची नाही.
- शेवटच्या वर्षी कल्टार नाही.

हे शेवटचं कलम काढून टाका, असा आग्रह प्रत्येक वेळी होतो. त्यासाठी खंड थोडा कमी घ्यावा लागला तरी घ्या. करार संपल्यावर वही घेऊन पुन्हा एकदा सगळ्या झाडांखालून फिरा, आणि अनामत रक्कम त्यानंतरच परत करा.